‘तोंडाला कुलूप लावा’ हा काही उपचार नाही

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

माझं वय ३८. माहेर सुरगाणा तालुक्यातलं, लग्नानंतर नाशिकला सिडकोत आले. अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला आहे, कंत्राटदारामार्फत. महिन्याला साडेतेरा हजार, त्यातूनही कसलेसे शंभर रुपये कापतात. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी. उंची पाच फूट, वजन ७८ किलो. लहानपणी मी इतकी बारीक होते की शाळेत मला ‘काडी’ म्हणायचे. आई-बापाबरोबर द्राक्षाच्या बागांवर कामाला यायचो, कधी नागलीची भाकर, कधी नुसती पेज. दोन बाळंतपणं झाली, शहरात आले आणि वजन वाढतच गेलं. मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून खाजगी दवाखान्यात गेले. बीपी १४२/९२ निघालं, तीन महिन्यांची शुगर ६.१. तिथे सांगितलं, ‘तोंडाला कुलूप लावा, रोज तासभर चाला, नाहीतर वजनाची इंजेक्शनं घ्या.’ इंजेक्शनचा भाव ऐकून गुपचूप घरी आले. शेजारची बाई म्हणते शेकची पाकिटं घे, तीन महिन्यांचे अठरा हजार. भिशी उचलली तर देता येतील. माझं खाणं म्हणाल तर दिवसात पाच चहा होतात, डब्यात पोळ्या आणि बटाटा नाहीतर चटणी, आणि मुलांचं उरलेलं मीच संपवते. आम्ही चौघं, तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्याला लागतो. मुलगी तेरा वर्षांची आहे, तिचंही अंग भरलंय, वर्गात चिडवतात तर शाळेत जायला नको म्हणते. मिस्टर स्वभावाने चांगले आहेत, पण तेही म्हणतात, जिभेवर ताबा ठेव. ज्या घरात खायला नव्हतं तिथून मी आले आणि आता सगळे म्हणतात मी जास्त खाते. मॅडम, वजन कमी करणं फक्त कॉलेज रोडच्या लोकांनाच जमतं का?

— एक वाचक, सिडको, नाशिक

ताई,

भिशी उचलू नका. बाकीचं सगळं सविस्तर बोलू, पण ते अठरा हजार त्या पाकिटांवर घालवू नका. एका जेवणाच्या जागी शेक घेतला की पोटात कमी जातं, म्हणून पहिल्या महिन्यात काटा खाली येतो. पाकिटं संपली की जेवण पहिल्यासारखं सुरू होतं आणि वजनही परत येतं. पैसे गेलेले असतात आणि बाईला वाटतं, माझ्यातच काहीतरी खोट आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर देते. हो, कॉलेज रोडला राहणाऱ्या बाईला वजन आटोक्यात ठेवणं आज तुमच्यापेक्षा सोपं आहे. तिच्या मनाचा निग्रह तुमच्याहून मोठा आहे म्हणून नव्हे. तिच्या घराजवळ कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, पहाटे उजेडात चालायला सोबत आहे, स्वयंपाकाला मदत आहे, आहारतज्ज्ञाची फी द्यायची ऐपत आहे आणि रात्रीची झोप तिची स्वतःची आहे. तुमची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, दुसरी पाळी करून घरी जेवायला बसता तेव्हा बारा वाजतात, आणि गल्लीत त्या वेळी चालायचं म्हटलं तर कुत्री आणि अंधार. दोघींना एकच सल्ला दिला तर तो एकीच्याच उपयोगाचा ठरणार. ‘रोज तासभर चाला’ असं सांगणाऱ्याने तुमच्या दिवसातला तो तास कुठला, हे विचारायला हवं होतं.

आणि जिभेचं म्हणाल, तर मिस्टरांना हा भाग मोठ्याने वाचून दाखवा.

काडी म्हणून चिडवलेली मुलगी अडतिसाव्या वर्षी ७८ किलोची होते, यात काहीही विचित्र नाही. आपल्याकडे हे फार जणींच्या बाबतीत होतं आणि त्यामागचं कारण शोधण्याचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, तर इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. पण हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात स्नायू आणि बाकीचे अवयव कमी भरलेले, चरबी मात्र त्या मानाने राखलेली. आईलाच पुरेसं मिळालं नाही की पोटातलं बाळ टंचाईत जगायच्या तयारीने जन्माला येतं. पुढे तेच शरीर शहरात आलं, तिथे स्वस्तात साखर, तेल, मैदा मिळू लागला, अंगमेहनतीचं रूप बदललं, की ते चरबी साठवतं, तीही पोटाभोवती, आणि साखर, बीपी लवकर वर जातात. तुमच्या लहानपणच्या पेजेचा आणि आजच्या ७८ किलोंचा हा असा संबंध आहे. तुमच्या आईच्या ताटात जे आलं नाही, त्याचा हिशेब तुमचं शरीर आज देतंय.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के बायका गरजेपेक्षा बारीक निघाल्या आणि २३.४ टक्के जास्त वजनाच्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. आपल्या जिल्ह्यात पाहायचं तर सुरगाण्याच्या अंगणवाडीत कमी वजनाची म्हणून नोंदवलेली पोर आणि सिडकोत वजनासाठी बोलणी खाणारी तिची आत्या एकाच घरातल्या असू शकतात. कुपोषण गरिबांचं आणि लठ्ठपणा श्रीमंतांचा, ही वाटणी आता राहिलेली नाही.

एकदा वाढलेलं वजन शरीर सहजासहजी सोडत नाही, हेही घरात कळू द्या. पाच-सात किलो उतरले की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात आणि शरीर कमी ऊर्जेत काम चालवायला लागतं. हे महिनोन् महिने टिकतं. म्हणून उपाशी राहून कमी केलेलं वजन परत येतं. जगभरचे डॉक्टर आता लठ्ठपणाकडे दीर्घकाळ चालणारा आजार म्हणून बघायला लागलेत, ते यामुळेच. दम्याच्या माणसाला ‘श्वासावर ताबा ठेव’ असं कोणी म्हणत नाही.

आता कामाचं बोलू. पगारातून कापले जाणारे ते शंभर रुपये. साडेतेरा हजारांच्या ०.७५ टक्के म्हणजे १०१ रुपये होतात, आणि कामगार राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची, कामगाराकडून होणारी कपात नेमकी तेवढीच असते. मालकाने त्यात ३.२५ टक्के भरायचे असतात, म्हणजे तुमच्या नावाने आणखी चारशे रुपयांच्या वर. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला हा विमा आहे आणि कंत्राटी कामगारही त्यात येतात. पगाराची पावती मागा. त्यावर ईएसआय लिहिलंय का आणि तुमचा विमा क्रमांक काय, ते बघा. पावती देत नसतील तर दोघी-तिघी मिळून मागा, एकटीने वाद घालू नका. क्रमांक मिळाला की तुम्ही, मिस्टर आणि दोन्ही मुलं, सगळ्यांची तपासणी आणि औषधं त्या विम्यात आहेत. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे, अंबडहून फार लांब नाही. दर महिन्याला पैसे भरून तुम्ही खाजगी दवाखान्यात पुन्हा पैसे देताय, हे थांबवा.

ती कपात ईएसआयची नसेल तरी दार बंद नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे, त्यात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आलं. वस्तीजवळ महापालिकेचा दवाखाना किंवा आरोग्यवर्धिनी केंद्र असेल, तिथेही तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर तपासणं हा सरकारचा ठरलेला कार्यक्रम आहे. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याकडे एक फॉर्म असतो. त्यात वय, तंबाखू, व्यायाम, घरातले आजार आणि कमरेचा घेर विचारतात, त्याचे गुण देतात, आणि गुण चारच्या वर गेले की पुढे पाठवतात. अनेकदा कमरेचा रकाना अंदाजाने भरला जातो, कारण चाळीत चारचौघांसमोर टेप लावायला बाईला लाज वाटते. तुम्ही लाजू नका, आत खोलीत नेऊन मापून घ्या.

कमर घरीही मोजता येते. शिंप्याची टेप घ्या. कुशीला हात लावून शेवटची बरगडी आणि खालचं कमरेचं हाड शोधा, त्या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप धरा. कपडा वर घ्या, श्वास सोडा, पोट आत ओढू नका, टेप आवळू नका. आपल्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही सीमा मानतात, पुरुषांसाठी ९०. मिस्टरांचीही मोजा. बीएमआय म्हणून उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा सांगतात तो तुमचा ३४ च्या जवळ येतो. परदेशात लठ्ठपणा ३० पासून धरतात, आपल्या लोकांसाठी २५ पासून, कारण पोटावरची चरबी आपल्याला कमी वजनातही त्रास देते. हे घाबरवायला सांगत नाही. उपचार मागताना हे आकडे तुमच्या बाजूने बोलतात, म्हणून ते माहीत असू द्या.

बीपी पुन्हा मोजा, आणि मोजताना दंडाला बांधायच्या पट्ट्याकडे बघा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. कित्येक दवाखान्यांत एकच मापाचा पट्टा असतो. ‘मोठा पट्टा आहे का?’ असं सरळ विचारा. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून, दोन वेगळ्या दिवशी मोजायचं. तरीही १४० च्या वर राहिलं तर गोळी लागेल, आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. वजन उतरलं की बघू, असं म्हणून बीपीची गोळी लांबवू नका. वजनाला वेळ लागतो आणि तोवर हृदयाला आणि मूत्रपिंडांना ताण सोसावा लागतो.

शुगरच्या बाबतीत एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसेल. ६.१ हा आकडा मधुमेहाच्या अलीकडचा आहे, ५.७ ते ६.४ च्या पट्ट्यातला. पण तीन महिन्यांची ही तपासणी रक्तातल्या हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. रक्तात लोह कमी असेल तर आकडा खोटा वर जाऊ शकतो. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. शिवाय तुमचं माहेर सुरगाण्याचं. त्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि तो नुसता वाहक म्हणून असला तरी काही यंत्रांवर हा आकडा चुकतो. म्हणून हिमोग्लोबिन करा, सिकलसेलची तपासणी पूर्वी झाली नसेल तर तीही करा, आणि उपाशीपोटी व ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी अशी साधी साखरही बघा. सोबत थायरॉइड, कोलेस्टेरॉल, यकृत आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. पाळी अनियमित असेल, रात्री मोठ्याने घोरत असाल, दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल किंवा स्टेरॉइड, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर हे आपणहून सांगा. काही औषधांनीच वजन वाढतं.

दवाखान्यात पुन्हा कोणी तोंडाला कुलूप म्हणालं तर एवढंच म्हणा, ‘डॉक्टर, वजनाचं मला माहीत आहे. आज माझं बीपी आणि साखर कशी आटोक्यात आणायची ते सांगा.’ अशी बोलणी खाऊन बायका दवाखान्यातच यायच्या थांबतात. मग गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी राहते, स्तनाची गाठ उशिरा कळते. शब्दाने होणारं हे नुकसान माझ्या व्यवसायातले लोक गांभीर्याने घेत नाहीत, आणि त्याचा मला राग आहे.

तुम्ही ध्येय कुठलं ठेवायचं? मी ५५ किलो वगैरे आकडा देणार नाही. पहिल्या सहा महिन्यांत चार किलो, म्हणजे तुमच्या वजनाच्या पाच टक्के, एवढं खूप झालं. तेवढ्यानेही बीपी-साखरेत फरक पडतो. आणि काटा हललाच नाही तरी वाया काही जात नाही. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर तीन वर्षं अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसतं खाण्यात बदल आणि चालणं, एवढ्यावर एका गटातला मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्या लोकांचं वजन जवळजवळ तेवढंच राहिलं होतं. हा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. काट्याला घाबरणाऱ्या प्रत्येक बाईला तो माहीत असायला हवा.

आता तुमच्या चहाकडे येते. पाच कप, कपात दोन चमचे धरले तर दिवसाला ५० ग्रॅम साखर. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच ठेवा म्हणते. पाचाचे दोन करा, आणि त्या दोनांत एकेक चमचा. कारखान्यातला चहा साखर घालूनच उकळून येतो, हे मला माहीत आहे. पाच-सहा जणी मिळून मागितलं तर बिनसाखरेची एक किटली वेगळी येऊ शकते, कॅन्टीनवाल्याची त्यात साखर वाचतेच. पाच लिटर तेल चौघांत म्हणजे माणशी दिवसाला ३८ ग्रॅम. तीन लिटरवर या. फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घाला, तळण आठवड्यातून एकदाच. यात पैसे जाण्याऐवजी वाचतातच.

पोळ्यांबद्दल कोणी तुम्हाला बोललं तर लक्षात ठेवा, रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ मोफत येतो. डाळ दरमहा येत नाही, भाजी येत नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होतं. गरिबाच्या घरात पिठाचं, साखरेचं आणि तेलाचं ताट सरकारी धोरणानेच भरलंय. या ताटात डाळी-कडधान्यं आली पाहिजेत, ही मागणी राजकीय आहे आणि ती करत राहायला हवी. तोवर तुमच्या हातात जे आहे ते असं: डब्यात तीनऐवजी दोन पोळ्या आणि बटाट्याच्या जागी मोड आलेल्या मटकीची, मुगाची किंवा चवळीची उसळ. मटकी नाशिककरांना शिकवायला नको, फक्त तर्री आणि पाव सोडून ती खायची. संध्याकाळी बाजार उठताना मेथी, शेपू, पालकाच्या जुड्या उतरत्या भावात मिळतात, तेव्हा घ्या. जेवताना आधी उसळ-भाजी, मग पोळी, भात शेवटी आणि थोडा. माहेरून कोणी येत असेल तर नागली मागवा. लहानपणीची ती भाकर चांगलीच होती, तेव्हा ती पोटभर मिळाली नाही एवढंच. उपवासाला साबुदाणा नको, तो जवळजवळ सगळा स्टार्च. भगर आणि दाण्याची आमटी करा, सोबत ताक, आणि भगरही वाटीभरच.

मुलांच्या ताटातलं उरलेलं तुम्ही खाता. अन्न टाकवत नाही, हे मी समजू शकते, ज्याने भूक पाहिली त्याला ते जमणार नाही. मग मुलांना आधीच कमी वाढा, लागलं तर पुन्हा घेतील. आणि तुम्ही सगळ्यांच्या शेवटी, ओट्याशी उभ्याने जेवू नका. बसून, सगळ्यांबरोबर जेवा. शेवटी जेवणारीच्या वाट्याला भाजी संपलेली असते आणि पोळ्या उरलेल्या असतात. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात कामावरच सात-आठच्या सुटीत पूर्ण जेवण करा, घरी आल्यावर ताक किंवा एखादं फळ घ्या आणि झोपा. दोन वेळा स्वयंपाक, धुणं, आठ तास उभं राहून पॅकिंग, हे करून तुमचे पाय दुखतात तेव्हा ‘व्यायाम करा’ कसं सांगू? पण ते काम एकाच जागेवरचं असतं, दम लागेल असं त्यात काही नसतं. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा: कंपनीच्या फाटकापासून स्टॉपपर्यंत झपाट्याने, जेवणाच्या सुटीत आवारात मैत्रिणींबरोबर, आणि पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी मिस्टरांबरोबर. जेवल्यानंतरच्या दहा मिनिटांनी साखर उतरते. मिस्टरांना तुमच्या जिभेची काळजी आहे ना, तर रात्रीची भांडी त्यांनी घासावीत आणि तेवढा वेळ तुम्हाला झोपू द्यावं. कमी झोपेने भूक वाढते, हे पक्कं माहीत असलेलं शास्त्र आहे.

इंजेक्शनचं थोडक्यात सांगते. औषधं खरी आहेत, चांगली आहेत. टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा आठवड्याच्या एका कुपीची किंमत ३,५०० पासून पुढे होती, म्हणजे महिन्याला चौदा हजार, तुमच्या पगारापेक्षा जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मधुमेहासोबत हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार, आणि शिवाय लठ्ठपणाही असलेल्यांसाठी या गटातली औषधं अत्यावश्यक यादीत घेतली. पेटंट संपलं की भाव उतरतात, याच गटातल्या सेमाग्लुटाइड या औषधाचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच. पण अडचण अशी की औषध थांबवलं की वर्षभरात उतरलेल्या वजनातलं बरंचसं परत येतं. म्हणजे दोन महिने कर्ज काढून घेण्यात अर्थ नाही. शेजारणीच्या ओळखीने, चिठ्ठीशिवाय तर मुळीच घेऊ नका. उद्या ईएसआयमध्ये किंवा सरकारी दवाखान्यात ही औषधं मिळायला लागली आणि डॉक्टरांना तुमच्यासाठी योग्य वाटली, तर कमीपणा न मानता घ्या. ती सगळ्यांना परवडेपर्यंत साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी लागेल का, हे विचारा. ती जुनी, स्वस्त आणि कामाची आहे.

मुलीबद्दल मी सगळ्यात जास्त काळजीत आहे. तिच्या वजनाबद्दल घरात एक शब्दही बोलू नका, लाडानेसुद्धा नाही. तिचं ताट वेगळं करू नका, उपाशी ठेवू नका, भावाला लाडू आणि तिला काकडी असं तर कधीच नाही. घरात जे बदलेल ते चौघांसाठी बदलेल. वर्गशिक्षिकांना भेटा आणि नावं घेऊन सांगा की अमुक मुलं हिला चिडवतात, म्हणून ती शाळेला नको म्हणते. चिडवण्याने कोणाचं वजन उतरत नाही, शाळा मात्र सुटते. तिच्या मानेच्या मागे काळसर, जाडसर पट्टा दिसतो का बघा. घासून जात नसेल तर तो मळ नव्हे, शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असू शकते. तिला पाळी सुरू झाली असेल आणि महिनोन् महिने येत नसेल तर तेही दाखवा. सरकारी आणि अनुदानित शाळांत बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, ते कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारा. कबड्डी, लेझीम, नाच, तिला जे आवडतं ते करू द्या, वजनाचं नाव न घेता. पुढच्या वर्षी गणवेश मोठ्या मापाचा लागला तर कुरकुर न करता शिवून द्या.

आणि काही गोष्टींना थांबू नका. छातीत दाब किंवा डाव्या हातात कळ, चालताना धाप, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं, बीपी १८० च्या वर, यातलं काहीही झालं तर शिफ्टचा विचार न करता १०८ ला फोन करा. चक्कर पुन्हा आली तर त्या वेळी शेवटचं कधी खाल्लं होतं ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या शिफ्टला दुपारी नुसत्या चहावर निघत असाल, तर मला आधी तोच संशय आहे.